विरह मी पाहिला नाही

शनिवारी पाळणाघर दीडला सुटायचं. त्या शनिवारीही आई दोनच्या सुमाराला घरी आली, चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली आणि मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. अठ्ठावीस वर्षांत बाहेरून येऊन हात न धुता ती घरात कशालाही शिवली नव्हती. लेकीने त्यावरून चिडवलं की म्हणायची, "तुझ्या कॉलेजातल्या घोड्यांची नाकं तुला पुसावी लागत नाहीत, म्हणून तुला विनोद सुचतात."

"आज किती जणांनी चावलं?" लेकीने पुस्तकातून डोकं वर न काढता विचारलं.

"एकानेच. पण मला नाही, नव्या बाईंना." आईच्या आवाजात दाबून ठेवलेला आनंद होता. "बाई त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून समजावत होत्या, की बाळा, आपले दात कशासाठी असतात? त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग दाखवलं कशासाठी असतात ते."

"आणि तू हसलीस."

"मी कशाला हसते? मी तोंड फिरवून कपाट आवरत होते. मग त्याच्या हातात ओला रुमाल दिला चावायला. दाढ येतेय त्याची, हिरडी ही एवढी सुजलीय. तोंड उघडून कुणी बघायला नको का?"

जेवण झाल्यावर आईने टेबल पुसलं, चष्मा लावला आणि पुस्तक उघडलं. ती फूटपट्टी लावून वाचायची. एक ओळ वाचून झाली की पट्टी खाली सरकवायची, पटलं नाही तर पट्टी तिथेच ठेवून खिडकीबाहेर बघत बसायची. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लेकीची पुस्तकं होती. मंगळवारी तिची मुलाखत होती. सहा वर्षं कंत्राटावर शिकवल्यावर साहित्य विभागात एक कायमची जागा निघाली होती, आणि ती जागा गेली तर पुढची निघेपर्यंत तिचे केस पांढरे झाले असते.

"गुरुवारी बोलावलंय मला," आई पट्टीकडे बघत म्हणाली. "समितीने. अकरा वाजता."

"माझा मंगळवार जाऊ दे, आई. मग मी बघते."

"तू कशाला बघतेस? तू तुझं बघ."

त्या वाक्यात टोमणा होता का, हे लेकीने नंतर किती वेळा तपासलं त्याला गणती नाही. टोमणा नव्हता. आईने पट्टी एक ओळ खाली सरकवली होती, इतकंच. संध्याकाळी दोघींनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. आई टीव्हीसमोर बसल्या बसल्या पेंगली, आणि "मी झोपले नव्हते, ऐकत होते" असं म्हणून उठून गेली. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं आणखी काही नाही.

समिती कसली, हे सांगायला तीन वर्षं मागे जावं लागेल.

तेव्हा आई पाळणाघरात दीड ते तीन वर्षांच्या मुलांच्या खोलीची प्रमुख होती. मुलं तिला मावशी म्हणायची, मुलांचे आईबापही मावशी म्हणायचे, आणि त्या आईबापांतले दोघेतिघे तर स्वतःच कधीकाळी तिच्या हातून भरवून घेतलेले होते. मग वरून नियम आला की खोलीच्या प्रमुखाकडे बालशिक्षणाची पदवी हवी. आईकडे तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमाचं एक प्रमाणपत्र होतं, तेही ओल लागून पिवळं पडलेलं. महिन्याभरात चोवीस वर्षांची एक मुलगी पदवी घेऊन रुजू झाली. तिला सगळे नव्या बाई म्हणू लागले आणि आई मदतनीस झाली. काम तेच राहिलं. ॲप्रनचा रंग तेवढा बदलला, प्रमुखाचा हिरवा, मदतनीसाचा करडा.

"बरं झालं," आई म्हणाली होती. "करड्यावर डाग दिसत नाहीत."

तळपायाची आग मस्तकात गेली ती लेकीच्या. संध्याकाळच्या वर्गांचा प्रवेशअर्ज तिनेच आणला, आपल्याच विद्यापीठाचा. आई तीन आठवडे त्या अर्जाकडे बघायला तयार नव्हती.

"या वयात? वर्गातली पोरं आजी म्हणतील मला."

"म्हणू देत. तुला येतं त्याच्या निम्मंही त्यांच्या सरांना येत नसेल."

"मग मी तिथे काय शिकू?"

"शिकायचं नाही गं, आई. कागद आणायचा."

पोरांनी आजी म्हटलं नाही. दुसऱ्या आठवड्यातच ती वर्गाचीही मावशी झाली, कारण तिच्या पिशवीत सेफ्टी पिन, डोकेदुखीची गोळी आणि कोरडं बिस्किट कायम असायचं. आणि लेकीने सांगितलं होतं तसं ती नुसता कागद आणायला गेलीच नाही. पुस्तकात काही सापडलं की स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची, "अगं, आम्ही जे करतो ना, त्याला नाव आहे!" कधी म्हणायची, "हे साफ चूक आहे. ज्याने लिहिलंय त्याने एकही मूल झोपवलेलं नाही." विभागप्रमुख बाईंनी एकदा वर्गात विचारलं, आई निघून गेल्यावर मूल सलग अर्धा तास रडत राहिलं तर प्रथम काय कराल? सगळ्यांनी पुस्तकातली उत्तरं दिली. आई म्हणाली, "आधी नॅपी बघायची." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते फळ्यावर लिहिलं. ही गोष्ट आईने घरी तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा लेक दुसरं काहीतरी वाचत होती.

शेवटच्या वर्षी प्रकल्प होता. एक मूल निवडायचं आणि सहा आठवडे त्याचं निरीक्षण लिहायचं. आईने सव्वादोन वर्षांची एक मुलगी निवडली. सगळे तिला चिमणी म्हणायचे. आईने मोठं रजिस्टर घेतलं, रेघा मारल्या आणि घड्याळ बघून लिहायला सुरुवात केली. हे काम तिला नवं नव्हतं. पाळणाघरात निरीक्षणाची वही असतेच, आणि त्या वहीचा एक नियम असतो. जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच लिहायचं, मुलाच्या मनात शिरायचं नाही. 'रागावला' लिहायचं नाही, 'ठोकळा फेकला' लिहायचं. खूप पूर्वी कुणा मदतनीसाने एका मुलापुढे 'हट्टाने रडतो' असं लिहून ठेवलं होतं. ते वाचून पुढचे तीन दिवस सगळ्यांनी त्याला हट्टी समजून रडू दिलं, आणि चौथ्या दिवशी त्याच्या कानातून पू आला. आईने ती गोष्ट लेकीला लहानपणापासून इतक्या वेळा सांगितली होती की लेकीला ती ऐकूच येईनाशी झाली होती.

रजिस्टर भरलं. विद्यापीठाला टाइप केलेली प्रत हवी होती. आई एका बोटाने टाइप करायची, तेही अक्षर शोधत.

"एवढं टाइप करून दे गं. आहे तसं."

लेकीने रजिस्टर उघडलं.

'१०.०५. दारातून आत आली. बूट काढले. उजवा डावीकडे ठेवला. पाहिला. बदलला. १०.१०. खिडकीशी गेली. चवड्यांवर उभी राहिली. काचेला नाक लावलं. ओठ हलले, आवाज नाही. १०.१४. माझ्या ॲप्रनचा खिसा धरला. मी हातातलं काम चालू ठेवलं. तिने सोडला. १०.१५. पुन्हा धरला. १०.१६. सोडून खिडकीशी पळाली.'

पानोपानी हेच. लेकीच्या मनात काय आलं ते खरं सांगायचं तर तिला लाज वाटली. एखाद्या हवालदाराने पंचनामा लिहावा तसं तिला ते वाटलं. आपली आई पन्नाशी उलटल्यावर शिकायला बसते, पदवीच्या शेवटच्या वर्षी पोचते आणि लिहिते काय, तर बूट काढले, बूट ठेवले. विभागातले लोक हसतील. मग ती हसणारी तोंडं ओळखीची असतील, कँटीनमध्ये तिच्याच टेबलावर येऊन बसणारी असतील. तिने चार संध्याकाळी खर्च केल्या आणि ते नीट केलं. खिडकीपाशी तिने लिहिलं, 'आईच्या विरहाने व्याकूळ झालेले ते इवलेसे मन खिडकीशी उभे राहून क्षितिजाचा वेध घेत होते.' पुढे दोन विचारवंतांची नावं घातली. ॲप्रनचा खिसा तिने काढून टाकला, कारण तो तिला विनोदी वाटला.

आईने प्रत वाचली नाही. जिथे खुणा केल्या होत्या तिथे सह्या केल्या. पहिल्या पानावर छापलेलं होतं, 'हे लेखन सर्वस्वी माझे स्वतःचे आहे.' त्याखालीही सही केली.

"वाचून तरी बघ की."

"तू केलंयस ना? मग झालं तर."

तोंडी परीक्षेच्या दिवशी आई उशिरा घरी आली. हात धुतले आणि पुसत पुसत दारात उभी राहिली.

"टाइप करताना काही बदललंस का गं?"

"थोडीफार भाषा नीट केली. का?"

"काही नाही. बाईंनी एकदोन ठिकाणी विचारलं."

"चांगलं म्हणाल्या?"

"हं," आई म्हणाली, आणि कुकर लावायला गेली.

आठ दिवसांनी पत्र आलं. प्रकल्पलेखन स्वतःचे नसल्याचा सबळ संशय, प्रकरण गैरप्रकार चौकशी समितीकडे, निकाल राखून ठेवण्यात येत आहे. लेकीने पत्र दोनदा वाचलं. तिच्या एका वाक्याने हे सगळं मिटलं असतं. पण विद्यार्थ्याचं काम शिक्षकाने लिहून दिलं तर शिक्षकाला निलंबित करतात, आणि कंत्राटी शिक्षकाला तेवढाही मान मिळत नाही, त्याचं कंत्राट पुढच्या वर्षी नुसतं येत नाही. मुलाखत तीन आठवड्यांवर होती.

"मी सांगते त्यांना," लेक म्हणाली.

"काय सांगणार? गप्प बस. मुलाखत होऊ दे तुझी."

आणि ती गप्प बसली. लहानपणी आईने गप्प बस म्हटल्यावर ती एकदाही गप्प बसली नव्हती. या वेळी मात्र तिने मुकाट्याने ऐकलं, आणि आपण आईचा शब्द पाळतोय असं स्वतःला पटवायलाही तिला फारसे कष्ट पडले नाहीत.

तर त्या शनिवारनंतर रविवार आला. दुपारी जेवण झाल्यावर आई म्हणाली, "पाठ टेकते जरा." लेक शेजारच्या खोलीत मुलाखतीची उत्तरं पाठ करत होती. साडेचारला तिने चहा टाकला आणि हाक मारली. मग आणखी एकदा मारली. डॉक्टर म्हणाले, तास-दीड तास झाला असावा, झोपेतच, त्रास झाला नसेल.

पाळणाघरात दुपारी मुलं झोपली की दर दहा मिनिटांनी खोलीत फेरी मारायची असते. प्रत्येक मुलाच्या पाठीवर तळवा ठेवायचा, श्वास लागला की पुढे जायचं, आणि दारावरच्या तक्त्यावर वेळ लिहून सही करायची. आईने अठ्ठावीस वर्षं हे केलं होतं. घरात असा तक्ता नव्हता.

लोक आले, गेले. विद्यापीठाने माणुसकी म्हणून मुलाखत पंधरा दिवस पुढे ढकलली. त्या दिवशी तिने सगळी उत्तरं बिनचूक दिली. निवड मंडळाचे अध्यक्ष उभे राहून म्हणाले, "एवढ्या मोठ्या दुःखातही तुम्ही धीर सोडला नाहीत, याचं आम्हाला विशेष कौतुक वाटतं." ती आभारी आहे म्हणाली. आठवड्याने कायम नेमणुकीचा आदेश आला. त्याची बातमी सांगायला घरात कुणी नव्हतं, आणि असतं तरी तिने कोणत्या तोंडाने सांगितली असती?

महिन्याने पाळणाघरातून फोन आला, मावशींच्या कपाटातलं सामान घेऊन जाता का. ती सकाळी दहाच्या आधीच गेली. दार स्वयंपाकीण अक्काने उघडलं. अक्का आणि आई एकाच वर्षी तिथे लागल्या होत्या.

"ये गं बाई," अक्का म्हणाली. "रोडावलीस. खातेस का काही, की नुसती पुस्तकं चाटतेस?"

"खाते, अक्का."

"खोटं बोलू नकोस. तुझी आई म्हणायची, माझी लेक खोटं बोलली की कान लाल होतात." अक्काने तिचे कान बघितले, पण हसली नाही. "हे बघ, तुला सांगायचं की नाही मला कळत नाही. मावशीचा फोटो लावायचा म्हणून आम्ही पैसे न मागता फ्रेम आणली. ती आत पडलीय धूळ खात. साहेब म्हणाले, विद्यापीठाचं काय ते मिटू दे, पालक विचारतायत."

"काय विचारतायत?"

"कॉपी केली म्हणे. कॉपी! त्या बाईने? पोरांनी उष्टं टाकलेलं बिस्किट कधी तोंडात टाकलं नाही तिने. म्हणायची, ते त्याचं आहे. मी माझ्या जिभेने सांगितलं साहेबांना, की तुमची पदवी घाला चुलीत. पण माझं कोण ऐकतंय, मी भात शिजवणारी."

नव्या बाई खोलीतून बाहेर आल्या. हिरव्या ॲप्रनवर खांद्याशी कुणाची तरी लाळ होती. त्यांचे डोळे भरून आले, आणि लेकीला ते नको होतं, कारण या मुलीवर रागावता आलं असतं तर फार सोपं झालं असतं.

"मला इथे आल्यावर पहिला महिना रोज रडू यायचं," नव्या बाई म्हणाल्या. "मावशींनी शिकवलं सगळं. पदवी माझी होती आणि खोली त्याच चालवायच्या. त्यांनी कधी बोलून नाही दाखवलं." मग खांद्यावरची लाळ पुसत, "त्यांचा प्रकल्प तुम्हीच टाइप केला होता ना?"

"हो," लेक म्हणाली. "टाइप केला होता."

वाक्य खरं होतं. तिचे कान गरम झाले.

कपाट खोलीच्या आत होतं. त्यात एक जादा साडी, कंगवा, चष्म्याचं घर आणि मुलांनी रेघोट्या मारलेले कागद निघाले. ती ते पिशवीत भरत असताना खिडकीशी एक छोटी मुलगी चवड्यांवर उभी राहिली. काचेला नाक लावून तिचे ओठ हलत होते.

"ही चिमणी," नव्या बाई हळूच म्हणाल्या.

लेकीने तिच्या डोक्यावरून बाहेर पाहिलं. खिडकीतून क्षितिज दिसत नव्हतं. अरुंद रस्ता दिसत होता, पलीकडे गॅरेजचं बंद शटर, शटरपुढे ओळीने ठेवलेले कचऱ्याचे डबे. चिमणी वळली, नव्या बाईंच्या ॲप्रनचा खिसा धरला, सोडला, पुन्हा धरला. तेवढ्यात कोपऱ्यावर कचरागाडीचा भोंगा वाजला. ती पळत खिडकीशी गेली, आणि गाडीने डबा उचलून उलटा केला तसे तिचे दोन्ही हात वर गेले.

"रोज," नव्या बाई म्हणाल्या. "सव्वादहाला. डबे मोजते ती, मनातल्या मनात. एखाद्या दिवशी गाडी नाही आली तर दुपारचं जेवत नाही. मावशींनी सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर आम्हाला वाटायचं की आईची आठवण काढते."

व्याकूळ वगैरे कुणीच नव्हतं. गाडी आली होती आणि पोरगी आनंदाने नाचत होती. हे सगळं आईच्या रजिस्टरमध्ये होतं, पुढच्या पानांवर, तारीखवार, आणि लेकीने ते कंटाळा येऊन गाळलं होतं.

त्यानंतर चार दिवसांनी बालशिक्षण विभागातून निरोप आला. नातेवाइकाची एक सही हवी होती.

विभागप्रमुख बाईंची खोली लहान होती. निम्मी जागा खोक्यांनी अडवली होती, आणि दाराला लागूनच बाहेर कारकुनाचं टेबल होतं. बाई साठीच्या, कोरड्या चेहऱ्याच्या. त्यांनी बसा म्हटलं आणि एक फाइल पुढे सरकवली.

"मृत विद्यार्थ्याविरुद्ध चौकशी चालवता येत नाही. समिती प्रकरण बंद करतेय. तुमची हरकत नाही, अशी सही करायची."

"बंद म्हणजे? नोंद काय राहील?"

"'गैरप्रकाराच्या चौकशीदरम्यान निधन.' पदवी मिळणार नाही. बाकी सगळे विषय त्या उत्तम गुणांनी पास होत्या, पण प्रकल्पाशिवाय पदवी देता येत नाही." बाईंनी चष्मा काढला. "मला वाईट वाटतं. तक्रार मीच केली होती. करावीच लागली."

"का करावी लागली?" तिने विचारलं. कारण तिला माहीत होतं, तरी विचारलं.

"खिडकीचा एक प्रसंग होता. मी त्यांना म्हटलं, तुम्ही इथे विरह लिहिलाय, तो कसा दिसला? त्या म्हणाल्या, 'विरह मी पाहिला नाही. ती कचरागाडीची वाट बघत होती.' मला हसू आलं. म्हटलं, मग क्षितिज? तर म्हणाल्या, 'आमच्या खिडकीतून गॅरेजचं शटर दिसतं.' मग त्यांनी माझ्या हातातून प्रत घेतली आणि ते पान वाचलं. मग मागचं वाचलं, पुढचं वाचलं. मला वाटतं, त्या ते पहिल्यांदा वाचत होत्या."

बाहेर कारकून कागदांवर शिक्के मारत होता.

"त्या तेवढंच म्हणाल्या असत्या, की हो, विरह होता, तर मी सोडून दिलं असतं," बाई म्हणाल्या. "शंभरातले नव्वद तसंच म्हणतात. त्यांना ते म्हणता आलं नाही. न पाहिलेलं पाहिलं म्हणायचं कसं, ते त्या बाईला माहीतच नव्हतं. मी विचारलं, हे कोणी लिहिलं? गप्प. स्पष्टच विचारलं, तुमची मुलगी इथेच शिकवते, तिने लिहून दिलं का? तर हसल्या. म्हणाल्या, 'माझ्या लेकीला माझं वाचायला वेळ कुठे असतो?'"

लेकीच्या हातात पेन होतं. फाइलीवर सहीची जागा पेन्सिलीने फुली मारून दाखवलेली होती. सही केली की फाइल खोक्यात जाणार, खोकं तळघरात जाणार. तिची नेमणूक कायम होती, पण पहिलं वर्ष परिविक्षेचं असतं, आणि त्या वर्षात कारण न देता काढता येतं. सही करून घरी जाण्यात कुणाचंच काही बिघडत नव्हतं. आईसुद्धा हेच म्हणाली असती, गप्प बस.

"मी लिहिलं," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग खुर्चीतून थोड्या पुढे झुकल्या आणि आवाज खाली आणला. "मॅडम, मला अंदाज होता. पण आता त्या नाहीत, आणि तुमची नोकरी आहे. दार लोटून घ्या. तुम्ही काही बोलला नाहीत आणि मी काही ऐकलं नाही. सही करा."

तिने पेन फाइलीवर आडवं ठेवलं. दार लोटलं नाही. आवाज चढवायची तिला सवय होती, मागच्या बाकापर्यंत पोचवायची सवय, आणि ती त्याच आवाजात बोलू लागली. बाहेरचे शिक्के थांबले.

"तिने मला फक्त टाइप करायला दिलं होतं. आहे तसं टाइप कर म्हणाली होती. मी ते वाचलं आणि मला तिची लाज वाटली, म्हणून तिला न विचारता बदललं. तिने वाचलं नाही, कारण तिचा माझ्यावर विश्वास होता. पत्र आलं तेव्हा मला सगळं माहीत होतं आणि मी मुलाखतीसाठी गप्प बसले. तिच्या हातचं रजिस्टर माझ्याकडे आहे, उद्या आणून देते, ते तपासा आणि त्यावर गुण द्या. तिने लिहिलेला शब्दन्‌शब्द तिने डोळ्यांनी पाहिलेला होता. ते फार चांगलं होतं. माझ्याच्याने तसं लिहून होणार नाही. हे मी तिला सांगितलं नाही. आता तुम्ही लिहून घ्या, आणि खाली माझं नाव घाला."